मॉरिस लेगटच्या नातवाचं नाव

...तर तो बूट गाळात राहिला तो राहिलाच, आणि मॉरिस लेगट एका पायात गमबूट, दुसऱ्या पायात नुसता भिजका मोजा अशा थाटात सगळं हॅव्हरबी गाव ओलांडून घरी आला, इथवर गोष्ट आली होती. बायका दारात येऊन बघत होत्या. त्याच दिवशी त्याला 'चऱ्या' हे नाव पडलं असं काहीजण ठासून सांगतात, पण ते खोटं आहे. ते नाव त्याच्या बापालाही होतं आणि आज्यालाही होतं. मोठं नाक आणि दुखरे गुडघे जसे बापाकडून पोराकडं आले, तसंच तेही आलं.

आता लोकांचं तरी काय चुकलं म्हणायचं? इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्याचा तो सगळा सखल पट्टा, पावसाचं पाणी काढून दिलं नाही तर बटाट्याच्या शेतात बदकं पोहायला लागतील अशी जमीन. म्हणून शेताशेताच्या कडेनं चर, लहान चर मोठ्या चरात, मोठा चर कालव्यात. आणि चर म्हणजे एकदा खणला की झालं, असं नसतं. लव्हाळे माजतात, काठ ढासळतात, तळाशी काळा गाळ बसतो. तो उपसायला निचरा बोर्डानं माणसं ठेवलेली. लेगट तीन पिढ्यांचे बोर्डाचे. मॉरिस पंधरा-सोळाचा असताना मांडीपर्यंतचे बूट घालून, लांब दांड्याचा कोयता घेऊन पाण्यात उतरला, तो पुढं यंत्रं आली तेव्हाच वर आला. वर आला म्हणजे यंत्राच्या खोक्यात बसला. वास मात्र खोक्यातही तोच.

त्या वासाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या वासापायी झालं. चराचा गाळ उन्हात पडला की कुजक्या अंड्यासारखा घमघमतो. तो साबणानं जात नाही. मॉरिसची बायको ग्लेनिस त्याचे कपडे घरात घेतच नसे. मागच्या दारी एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात उतरवायचे, नळावर हातपाय धुवायचे, मग घरात. एकदा तर काय झालं, नवे पाद्री भेटायला म्हणून मागच्या दारानं आले आणि मॉरिस नळाशी नुसत्या लंगोटीवर. पाद्रीबुवा म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, मी कुंपण बघतो." आणि अर्धा तास कुंपण बघत राहिले. पण ते असो.

मॉरिसची एकुलती एक मुलगी केरी. आठ वर्षांची असेल तेव्हा. शाळेच्या बसमध्ये पोरं तिला बघून नाक धरायची. "आली चऱ्याची पोर, खिडकी उघडा रे." एका संध्याकाळी मॉरिस नळावर हात धूत होता आणि कोळशाच्या खोलीमागून हुंदके ऐकू आले. बघतो तर केरी भिंतीला टेकून बसलेली, तोंड गुडघ्यांत खुपसलेलं. तो पुढं गेला नाही. पुढं जाऊन काय करणार, अंगाला तोच वास. तसाच ओल्या हातांनी उभा राहिला, आणि पोरगी उठून घरात गेल्यावर मग आत गेला.

रात्रीच्या जेवणाला त्यानं ग्लेनिसला एवढंच सांगितलं, "हे माझ्यापाशी संपलं पाहिजे. माझ्यानंतर या घरातल्या कुणाच्या नावाला चर चिकटता कामा नये."

ग्लेनिस म्हणाली, "बटाटे घे."

पण माणूस बोलला तसा वागला. केरीला त्यानं चराच्या काठावर उभी राहू दिली नाही. अभ्यासाला बसवली, शनिवारी गावात नाटकाच्या वर्गाला नेली, बस सोडवून शाळेत गाडीनं पोचवायला लागला, पण दारापर्यंत कधी स्वतः गेला नाही, कोपऱ्यावरच उतरवायचा. पोरगी हुशार निघाली. लंडनला गेली, तिथं नोकरी, तिथंच टोबी नावाचा नवरा. टोबी उंच, गोरागोमटा, हसरा, आणि त्याच्या बुटांना जन्मात कधी चिखल लागला नव्हता. मॉरिसला जावई मनापासून आवडला. चिखल नाही म्हणूनच आवडला.

मग केरीला मुलगा झाला. फोन आला तेव्हा मॉरिस बागेत वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता.

"बाबा, नाव ठरलं," केरी म्हणाली. "डिग्बी."

मॉरिसला वाटलं, पोरगी शेजारच्या गावाबद्दल बोलतेय. डिग्बी हॅव्हरबीपासून थोड्या अंतरावर, बसनं गेलं की पडतंच वाटेत. तो म्हणाला, "डिग्बीला आज काय आहे?"

"काय आहे म्हणजे? बाळाचं नाव, बाबा. डिग्बी."

इकडं मॉरिसच्या हातातून वेल सुटून आडवा झाला.

त्या बाजूच्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं. प्राथमिक शाळेतच बाई फळ्यावर नकाशा काढून शिकवतात. ज्या ज्या गावाच्या शेवटी 'बी', ते ते गाव जुन्या काळी समुद्रावरून आलेल्या डेन लोकांनी वसवलेलं. 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत वस्ती. हॅव्हरबी ही ओटच्या शेताची वस्ती. आणि डिग्बीतलं 'डिग' म्हणजे चर. चराकाठची वस्ती. आधी गावाला चर चिकटला, मग गावावरून बड्या लोकांच्या आडनावाला, मग त्या बड्या लोकांनी आपल्या पोरांना आडनावंच नावं म्हणून ठेवायला सुरुवात केली, आणि आता लंडनच्या पाळणाघरांत म्हणे दोन-दोन डिग्बी. गावाशी मॉरिसचं काही वाकडं नव्हतं. गाव चांगलं आहे, लोक चांगले आहेत. पण नातू?

तो फोनवर म्हणाला, "त्याचा अर्थ माहीत आहे का तुला?"

"हो तर. टोबीनं वाचून दाखवला. 'प्राचीन, मातीशी नातं सांगणारं, पाण्याकाठच्या वस्तीचं नाव.' किती गोड आहे ना?"

"पाण्याकाठची?" मॉरिस म्हणाला. "पाण्याकाठची नव्हे. चराकाठची."

"तेच ते, बाबा."

तेच ते. त्या दोन शब्दांनी मॉरिसच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती पुढं नऊ महिने उतरली नाही.

या नऊ महिन्यांत त्यानं नातवाला नावानं एकदाही हाक मारली नाही. 'हा', 'तो', 'साहेब', 'आपला माणूस', सगळं म्हणून झालं. ग्लेनिसच्या लक्षात आलं होतं, पण तीही मुरलेली. ती मुद्दाम विचारायची, "काल फोनवर कोण खिदळत होतं रे?"

"तो."

"तो कोण?"

"लंडनचा."

पबमध्ये तर जाणं मुश्किल झालं. तिथं टेरी पॉकलिंग्टन बसलेला असायचा. टेरीनं त्याच्याबरोबर उभा जन्म बोर्डाचं यंत्र चालवलं, जिभेला हाड म्हणून नाही. मॉरिस दारातून आत आला की टेरी ग्लास वर करून म्हणायचा, "या या, चराकाठचे आजोबा."

"टेरी, बास."

"नाही, मी म्हणतो, एवढी बी-वाली गावं पडलीत मुलखात. विलोच्या झाडांचं आहे, चर्चचं आहे, मेंढ्यांचं आहे. तुझ्या जावयानं बोट ठेवलं ते नेमकं आपल्या धंद्यावर. रक्त ओढ घेतं बघ, म्हाताऱ्या."

मॉरिस बिअर घेऊन कोपऱ्यात जायचा. बिअरसुद्धा कडू लागायची.

आता बाप्तिस्म्याची गोष्ट. केरीच्या मनात होतं की बाळाचा बाप्तिस्मा हॅव्हरबीच्या चर्चमध्ये व्हावा, जिथं तिचा झाला होता. आणि धर्मपिता म्हणून, म्हणजे बाळाच्या वतीनं देवाला शब्द देणारा म्हणून, तिनं मॉरिसला विचारलं. धर्मपिता बहुतेक बापाचा एखादा मित्र असतो, पण टोबीचा मित्र ऐन वेळी नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि केरी म्हणाली, बाबाच असू दे. मॉरिस लगेच 'हो' म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की ग्लेनिसनं विणकामावरून मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

कारण मॉरिसच्या डोक्यात एक वेगळंच चाक फिरायला लागलं होतं. जुन्या रीतीत असं आहे: पाद्री बाळाला हातात घेतात आणि धर्मपित्याला म्हणतात, या बाळाला नाव द्या. मग धर्मपिता जे नाव उच्चारील, त्याच नावानं पाद्री पाणी घालतात. सरकारदरबारी काही का असेना, हॅव्हरबीत लहानपणापासून सगळे हेच ऐकत आलेले, की बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी जे नाव बोललं गेलं ते देवाघरचं नाव. देवाघरचं नाव बदलत नाही.

मॉरिस चर्चच्या पाद्रीणबाईंकडं, व्हिकरबाईंकडं गेला. हिलरी त्यांचं नाव, वयानं केरीपेक्षा थोड्या मोठ्या, चार गावांची चर्चेस एकटीनं सांभाळणाऱ्या, कायम धावपळीत. टोपी हातात घेऊन मॉरिस म्हणाला, "व्हिकर, आमच्या पोराचं जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणं कराल का? शब्दन् शब्द?"

हिलरीबाईंना एवढा आनंद झाला की काय सांगावं. जुनं पुस्तक कुणी मागतच नाही. म्हणाल्या, "मॉरिस, तुम्ही माझा दिवस चांगला केलात." मॉरिसला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तो बोलला नाही. दुसरं नाव त्यानं ठरवून ठेवलं होतं. एडवर्ड. राजांचं नाव. त्यात चर नाही, डबकं नाही, कशाचा काठ नाही.

आता हे मनातच ठेवायचं की नाही? पण चाळीस वर्षं ज्याच्या शेजारच्या यंत्रावर काढली, त्याच्याजवळ मन मोकळं नाही करायचं तर कुणाजवळ? बाप्तिस्म्याच्या आधीच्या आठवड्यात मॉरिसनं टेरीला पबच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. वर म्हणाला, "कुणापाशी बोलायचं नाही."

टेरी म्हणाला, "मी? थडग्यासारखा आहे मी." आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं. टेरीची बायको पोस्टाच्या दुकानात बसते. आता पुढचं सांगायला नको.

त्याच आठवड्यात केरी आणि बाळ आधी येऊन राहिले, टोबी शनिवारी यायचा होता. नऊ महिन्यांचं पोर, गोलमटोल, खालचे दोन दात, आणि नाक, देवा रे, नाक थेट लेगटांचं. मॉरिसला त्या नाकाचाही राग आला. नाक घेतलंस ते घेतलंस.

सकाळी मॉरिस त्याला बाबागाडीत घालून शेतांमधल्या सरळ रस्त्यानं फिरायला न्यायचा. दोन्ही बाजूंना चर, चरांत लव्हाळे, आणि मैलभर माणूस नाही. तिथं त्याची तालीम चालायची.

"एडवर्ड," मॉरिस हळूच म्हणायचा.

बाळ गाडीच्या पट्ट्याचं टोक चोखत असायचं.

"एडवर्ड. ए एडवर्ड. इकडं बघ."

बाळ नाही बघत. बगळा उडाला तर बघतं, ट्रॅक्टर गेला तर बघतं, स्वतःच्या अंगठ्याकडं बघतं. मॉरिसनं बिस्किटाचा तुकडा दाखवून म्हटलं, "एडवर्ड." बाळानं बिस्कीट घेतलं. एडवर्ड तिथंच राहिला, रस्त्यात. आणि घरी परत आलं, ग्लेनिसनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसतं "डिग्बी, आलास का रे?" म्हटलं, की ते पोर गाडीत उसळून, हात पसरून, पाठमोरं होऊन आवाज शोधायचं. असं चार दिवस चाललं. मॉरिसचा जीव मेटाकुटीला आला. चौथ्या दिवशी तो गाडी थांबवून बाळासमोर उकिडवा बसला, गुडघे करकरले, आणि म्हणाला, "तुझ्या भल्याचं करतोय रे, गाढवा." गाढव म्हटल्यावर बाळ हसलं.

शनिवारी ग्लेनिस चर्चमध्ये फुलं लावायला गेली. एरवी त्या चर्चला रविवारी मोजकी डोकी असतात, तीही बहुतेक म्हाताऱ्यांची. पण ग्लेनिस गुलाब कापत होती तर टेरीची बायको आली आणि विचारायला लागली, पुढचे बाक मोकळे आहेत का, आणि बसायला उशा घरून आणायच्या का. तिच्यामागून आणखी एक आली. तिसरी आली ती चर्चला गेली दहा वर्षं फिरकली नव्हती. ग्लेनिसनं कात्री खाली ठेवली आणि टेरीच्या बायकोला कोपऱ्यात घेतलं.

घरी आली तेव्हा मॉरिस बुटांना पॉलिश करत होता.

"टेरीला काय सांगितलंस?"

मॉरिसनं ब्रश थांबवला नाही. "काही नाही."

"मॉरिस."

"सांगितलं असेल काहीतरी."

"सगळं गाव उद्या तमाशा बघायला येतंय. केरीच्या लग्नाच्या केकचा वरचा मजला रीतीप्रमाणं मी डब्यात ठेवलाय, कितीदा ब्रँडी पाजली त्याला, या दिवसासाठी. पोरगी काल रात्रभर बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा इस्त्री करत होती. आणि तू देवासमोर उभा राहून भलतंच नाव घेणार?"

"भलतं नाही. चांगलं आहे."

"चांगलंच असेल. पण ते ठेवणं तुझं काम नाही."

"ग्लेनिस, पोरगी रडत होती. कोळशाच्या खोलीमागं. तुला नंतर सांगितलं होतं मी."

ग्लेनिस खुर्चीवर बसली. तिनं हातात रुतलेले गुलाबाचे काटे एकेक काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही लोक हद्दीवर चर खणता ना, तेव्हा माती नेहमी आपल्याच अंगाला टाकता. शेजाऱ्याच्या अंगाला एक फावडं जात नाही, तशी रीतच आहे. तू तेच केलंस. इतकी वर्षं सगळी माती स्वतःवर टाकत आलास. ती रडली ते तिला विचारलंस का कधी?"

"विचारायचं काय? मी ऐकलं."

"मग आता विचार. चर्चला जायच्या आधी विचार. नाहीतर मी विचारते."

रात्री टोबी आला, सगळ्यांना मिठ्या मारल्या, मनुकांचा पाव आणि चीज खाऊन म्हणाला की असला पाव लंडनात मिळत नाही. मॉरिस आपला हं, हं करत बसला.

रविवारी सकाळी केरी मागच्या अंगणात उभी होती. बाळ दुपट्ट्यासकट खांद्यावर. झगा आत टांगलेला, शेवटच्या क्षणी घालायचा, नाहीतर बाळ त्यावर ओकून ठेवायचं. मॉरिस कोट घालून आला, टायमुळं मान आवळलेली, आधीच लालबुंद.

"केरी, तुला एक विचारायचंय."

"विचार ना."

"बसमध्ये पोरं तुला नाक धरायची. चऱ्याची पोर म्हणायची. एक दिवस तू इथं, तेव्हाच्या कोळशाच्या खोलीमागं बसून रडत होतीस. आठवतं?"

केरीनं त्या दिशेला बघितलं. कोळशाची खोली आता नव्हती, तिथं ग्लेनिसचं काचघर होतं, टोमॅटो लागले होते. केरीनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे मॉरिसला दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं अधिक झोंबलं.

"नाही रे बाबा. नाही आठवत."

"आठव."

"आठवतेय ना. बसमध्ये पोरं म्हणायची काहीतरी, हो. ती सगळ्यांनाच काही ना काही म्हणायची. पॉकलिंग्टनच्या पोराला तर डुक्कर म्हणायची. पण रडले? रडलेही असेन. मी तेव्हा कशावरूनही रडायचे. ससा मेला तेव्हा आठवडाभर रडत होते."

"सशाचं वेगळं."

"वेगळं असेल. पण मला ससा आठवतो, बाबा. ते नाही आठवत."

शाळेच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायचा मॉरिस. तिच्या पदवीदानाच्या वेळी फोटोत मागं उभा राहिला होता. टोबीच्या आईबापांना पहिल्यांदा भेटताना 'सरकारी नोकरी' एवढंच म्हणाला होता, बोर्डाचं नाव काढलं नव्हतं. आणि हिला ससा आठवतो.

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी..."

केरी हळूच म्हणाली, "मला कधी विचारलं नाहीस. कोपऱ्यावर उतरवायचास तेव्हा मला वाटायचं, तुलाच माझी लाज वाटते. माझे दात पुढं होते ना तेव्हा."

"दात?" मॉरिस म्हणाला. "कुठले दात?"

"हे बघ, आता तुला नाही आठवत."

आतून ग्लेनिस ओरडत होती की घंटा व्हायला आली. केरीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बापाकडं न बघता म्हणाली, "आई काल काहीतरी म्हणाली मला. चर्चमध्ये तू काय म्हणणार आहेस ते मी विचारत नाही. टोबीला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. फक्त हे ध्यानात ठेव, याला चर म्हणजे काय ते कळत नाही. याला फक्त हाक कळते."

ती आत गेली. मॉरिस काचघरासमोर उभा. त्याला रडूही येत नव्हतं आणि रागही धड येत नव्हता. राग कुणावर करायचा, आठ वर्षांच्या पोरीवर? ती तर आता कुठंच नव्हती, केरीच्या डोक्यातही नव्हती. तिला जपायला म्हणून तो एकटाच इतका काळ उभा होता.

चर्च खच्चून भरलेलं. बाकांत जागा नाही म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. हिलरीबाईंना आधी वाटलं, आपलं उपदेशाचं काम अखेर फळाला आलं. मग त्यांनी टेरीचा चेहरा बघितला आणि त्यांच्या काय ते ध्यानात आलं. टोबी मात्र भारावून गेला होता. मॉरिसच्या कानाशी लागून म्हणाला, "किती प्रेमळ माणसं आहेत तुमच्या गावची. आमच्याकडं शेजारीसुद्धा येत नाही."

मॉरिस म्हणाला, "हं."

गाणं झालं, प्रार्थना झाल्या. मग सगळे मागच्या दाराजवळच्या दगडी कुंडापाशी आले. लोकही बाकांत उलटे वळून बसले, माना उंच करून. कुणीतरी खोकलं तर दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. टेरी अगदी जवळ, खांबाला टेकून, तोंड असं की जणू स्वतःचंच लग्न आहे. ग्लेनिसनं पर्स छातीशी आवळून धरलेली. केरी बाळाकडं बघत होती, बापाकडं एकदाही बघितलं नाही.

हिलरीबाईंनी जुनं पुस्तक उघडलं. बाळाला हातांवर घेतलं. अनोळखी हात लागल्याबरोबर त्यानं जो टाहो फोडला, तो छतापर्यंत गेला. लांबलचक पांढरा झगा, त्यातून दोन लाल मुठी, आणि ते लेगटांचं नाक. बाई थोडा वेळ थांबल्या, बाळ काही थांबेना. मग त्या मॉरिसकडं वळल्या. डोळ्यांत जरा काळजी होती, पण आवाज स्वच्छ.

"या बाळाला नाव द्या."

मॉरिसनं टाय बोटानं सैल केला. त्याच्या मनात एडवर्ड अगदी जिभेच्या टोकावर तयार होता, चार दिवस घोटलेला. आणि त्याच वेळी तो मनातल्या मनात सगळ्यांवर जळफळत होता. टोबीवर, त्या 'पाण्याकाठच्या' अर्थावर, टेरीवर, उशा घेऊन आलेल्या बायकांवर, सशावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तिनं ते केव्हाच वाटेत टाकून दिलं आणि हा मात्र वाकून वाकून वाहत राहिला. बाळ रडत होतं, मान वळवून वळवून ओळखीचा आवाज शोधत होतं. इतक्या माणसांत कुणीच त्याला हाक मारत नव्हतं. सगळे मॉरिसच्या तोंडाकडं बघत होते.

हिलरीबाईंनी पुन्हा, या वेळी पुस्तकाकडं न बघता, त्याला म्हटलं, "मॉरिस. नाव सांगा याचं."

मॉरिस लेगटनं घसा खाकरला आणि म्हणाला, "डिग्बी. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण डिग्बी."